खाल्लेल्या पानांचा हिशेब

कढीपत्त्याच्या कोवळ्या पानाच्या कडेला टाचणीच्या डोक्याएवढे पिवळसर अंडे चिकटलेले असते. तीन-चार दिवसांत त्यातून अळी बाहेर येते आणि सुरुवातीचा काळ ती हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते: काळपट तपकिरी अंग, त्यावर पांढरा डाग. कोणताही पक्षी विष्ठा टिपायला जात नाही, एवढ्याच भरवशावर तिचे लहानपण निभावते. शेवटच्या टप्प्यात कात टाकली की ती हिरवीगार होते. मग तिला काडीने डिवचले, तर डोक्यामागून दोन फाट्यांचे लाल शिंग झटकन बाहेर येते आणि उग्र वास सुटतो. ही कॉमन मॉरमॉन नावाच्या फुलपाखराची अळी. आठ-पंधरा दिवसांत ती कुंडीतल्या झाडाची बरीच पाने फस्त करते, आणि बहुतेक घरांत तिचा शेवट चिमट्यात, चपलेखाली किंवा कडुनिंबाच्या तेलाच्या फवाऱ्यात होतो. त्याच घरात फुलपाखरे हल्ली दिसत नाहीत म्हणून हळहळही व्यक्त होते. या दोन गोष्टींचा संबंध आपल्याला सहसा जाणवत नाही, आणि मातीशी तुटलेले आपले नाते मला सर्वांत स्पष्ट दिसते ते इथेच. बाग म्हणजे काय, हे आपण फुलांवरून, सावलीवरून आणि हिरव्या रंगावरून ठरवतो. माझे म्हणणे असे की बागेचे मोल तिच्यातले कोण काय खाते यावरून ठरवावे. ज्या बागेत एकही पान कुरतडलेले नाही, ती दिसायला कितीही देखणी असली तरी भोवतालच्या जीवसृष्टीच्या हिशेबी ती रिकामीच आहे.

याचे कारण पानाच्या रसायनात आहे. झाडाला पळता येत नाही, म्हणून ते पानात विष, चीक, कडवटपणा, टॅनिन साठवून स्वतःचे रक्षण करते. हजारो पिढ्या एकाच झाडाशी झुंजत राहिलेल्या कीटकाला तेवढ्या एका कुळाचे विष पचवता येते. दुसऱ्या कुळाच्या पानावर तो उपाशी मरतो. पॉल एर्लिक आणि पीटर रेव्हन या शास्त्रज्ञांनी १९६४ मध्ये फुलपाखरे आणि त्यांच्या खाद्यवनस्पती यांची कुळे शेजारी ठेवून पाहिली आणि या परस्परघडणीचा सिद्धान्त मांडला. आपल्याकडे त्याचा पुरावा कोणत्याही पडीक जागेत मिळतो. रुईच्या पांढऱ्या चिकाला गुरे तोंड लावत नाहीत; बिबळ्या कडवा या फुलपाखराची अळी मात्र रुईवर वाढते, तिच्यातले विष अंगात साठवते आणि त्या जोरावर पक्ष्यांपासून सुटते. सापसंदाच्या वेलीवर क्रिमझन रोज आणि कोकण-सह्याद्रीत दिसणारे भलेमोठे सदर्न बर्डविंग ही फुलपाखरे वाढतात. सापसंद उपटून टाकला की ही फुलपाखरे शेजारच्या गुलाबावर जाऊन राहत नाहीत. मध कुठल्याही फुलातला चालेल, बाळंतपणाला मात्र ठरलेलेच झाड लागते.

हा प्रश्न फुलपाखरांपुरता असता, तर त्याला हौस म्हणता आले असते. पण दाणे टिपणारी चिमणीसुद्धा पिलांना पहिले काही दिवस किडे आणि अळ्याच भरवते, कारण कोवळ्या पिलाला प्रथिने लागतात आणि कोरडा दाणा त्याला पचत नाही. सुगरण, शिंपी, दयाळ, बुलबुल यांचेही तेच. तेव्हा चिमणीसाठी बाल्कनीत लाकडी खोपा टांगून ताटलीत तांदूळ ठेवले, तर घर आणि मोठ्यांचे जेवण झाले. बाळाचे दूध राहिलेच. अमेरिकेत डग्लस टॅलमी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे प्रत्यक्ष मोजले आहे. तिथल्या चिकडी या मूठभर वजनाच्याही नसलेल्या पक्ष्याला एका विणीची पिले वाढवायला सहा ते नऊ हजार अळ्या लागतात. वॉशिंग्टन शहराच्या परिसरातील घरांच्या आवारांचा त्यांनी अभ्यास केला. तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यातून असे निघाले की, आवारातल्या झाडोऱ्यात परदेशी झाडांचा वाटा तीस टक्क्यांच्या वर गेला की या पक्ष्याची संख्या टिकत नाही. झाडे तिथेही हिरवी होती, सावली तिथेही होती, अळ्या नव्हत्या. तिथली झाडे आणि पक्षी वेगळे, त्यामुळे तीस हा आकडा पुण्या-नागपुराला जसाच्या तसा लावता येणार नाही. पण पान, अळी आणि पिलू ही साखळी तिथे जशी चालते तशीच इथेही चालते.

आता आपल्या टेकड्यांकडे पाहू. पुण्याच्या टेकड्यांवर आणि राज्यातल्या असंख्य उतारांवर वनीकरणासाठी गिरिपुष्प लावले गेले. मध्य अमेरिकेतून आलेल्या या झाडाला आपल्याकडे उंदीरमारी म्हणतात, ते त्याच्या विषारी बिया-सालीमुळे. ते लावणाऱ्यांना दोष देणे सोपे आहे, पण ते न्याय्य होणार नाही. उघडीबोडकी, शेळ्यांनी ओरबाडलेली टेकडी, पाणी नाही, राखण नाही. अशा ठिकाणी फांदी खोचली तरी जगणारे आणि चरणाऱ्या जनावरांनी सोडून दिलेले झाड हवे होते, ते त्यांनी निवडले. खाल्ले जात नाही हाच त्या झाडाचा गुण मानला गेला. तोच गुण आज त्याच्या उणिवेचे मूळ आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये त्याच्या गुलाबी फुलांवर मधमाश्या आणि सूर्यपक्षी येतात, ते नाकारायचे कारण नाही. पण फुलोरा ओसरल्यावर वर्षभर त्या रानात जी शांतता असते, तिची तुलना खैर, मोई, सालई, पळस, धावडा असलेल्या जुन्या उताराशी करून पाहावी. राज्य सरकारने २०१६ मध्ये एका दिवसात दोन कोटी झाडे लावण्याचा कार्यक्रम घेतला आणि पुढच्या वर्षांची उद्दिष्टे चार, तेरा आणि तेहेतीस कोटी अशी वाढवत नेली. खड्डे मोजले गेले, रोपे मोजली गेली, जगलेल्या झाडांची टक्केवारी मांडली गेली. त्या झाडांवर कोण जगले, असा रकाना कोणत्याच तक्त्यात नव्हता.

इथे एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. देशी-परदेशी हा भेद झाडांना लावणे म्हणजे माणसांमधली भांडणे बागेत आणणे नव्हे का? मिरची, बटाटा, टोमॅटो, पेरू, सीताफळ, शेंगदाणा, काजू हे सगळे समुद्रापलीकडून आले आणि त्यांच्यावाचून मराठी स्वयंपाकघर उभेच राहत नाही. गुलमोहर मादागास्करचा, पर्जन्यवृक्ष अमेरिकेचा. त्यांच्या सावलीत किती पिढ्या शाळेत गेल्या. हे सगळे खरे आहे आणि त्यातले एकही झाड तोडा असे कोणी शहाणा माणूस म्हणणार नाही. प्रश्न झाडाच्या जन्मगावाचा नसून त्याच्या इथल्या नात्यागोत्याचा आहे, आणि याचा उत्तम दाखला परदेशी पानफुटीच देते. पानफुटीही मादागास्करचीच. तरीही रेड पियरो हे ठिपक्यांचे सुंदर फुलपाखरू तिच्या जाड पानांच्या आत बोगदे करून वाढते, कारण तिच्या कुळातल्या देशी वनस्पतींवर ते पूर्वीपासून वाढत होते आणि पानफुटीचे रसायन त्याला ओळखीचे निघाले. तसेच काहीसे लिंबू-संत्र्याच्या बागांचे. निलवंत म्हणजे आपले राज्य फुलपाखरू रानात माकडलिंबूवर वाढते, तसे बागेतल्या लिंबूवर्गीय झाडांवरही वाढते. पाहुण्याचे इथे कोणी नातलग असतील तर त्याचा पाहुणचार होतो. नसतील तर तो शंभर वर्षे राहूनही परकाच राहतो. म्हणजे अपवाद नियमाला खोडत नाही, उलट तो कशावर उभा आहे ते दाखवतो.

जो पाहुणा नुसता एकटा राहतो, त्याच्यापासून धोका नाही. पसरणाऱ्याची गोष्ट वेगळी. घाणेरी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शोभेसाठी कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात आली. रंगीत फुले, बारमाही बहर, फुलपाखरांची झुंबड. आजच्या कोणत्याही रोपवाटिकेत ती हातोहात खपली असती. भारतीय संशोधकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार देशातील व्याघ्रक्षेत्रातल्या चाळीस टक्क्यांहून अधिक जंगलात ती घुसलेली आहे. तिच्या दाट जाळीखाली गवत उगवत नाही, गवत नाही म्हणून हरणे नाहीत. रानमोडीने कोकणातल्या आणि घाटातल्या पायवाटा गिळल्या, गाजरगवताने पडीक जमिनी व्यापल्या. ‘माझ्या कुंपणातले एक शोभेचे झुडूप कोणाचे काय बिघडवणार’ या प्रश्नाचे उत्तर घाणेरीने दोनशे वर्षांत देऊन ठेवले आहे.

दुसरा आक्षेप असा की, देशी कोणते हे ठरवायचे कोणी? इथे भावनेवर विसंबायची गरज नाही, नोंदी आहेत. थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ या काळात मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा कोश सिद्ध केला. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील ब्लॅटर हर्बेरियममध्ये आणि पुण्याच्या संस्थांमध्ये वाळवून जपलेले नमुने आहेत, त्यावर गावाचे नाव आणि तारीख आहे. पण खरी अडचण वेगळीच आहे. ‘देशी’ म्हणजे भारतीय, असे धरून चालले की घोटाळा होतो. झाडाला देशाची सीमा कळत नाही. त्याला पाऊस, खडक, उतार कळतो. कोकणातली सुरंगी सोलापूरच्या माळावर लावणे आणि तिथे गुलमोहर लावणे यांत त्या माळाच्या दृष्टीने फार फरक नाही. किंबहुना त्या माळावर झाडच न लावणे हे बहुधा सर्वांत मोठे देशीपण आहे. पवन्या, मारवेल, कुसळी अशा गवतांचे माळ हे बिघडलेले जंगल नव्हे. ती लांडगा, चिंकारा, धाविक, माळटिटवी यांची शाबूत घरे आहेत, आणि ‘पडीक’ असा शिक्का मारून त्यांत खड्डे घेणे म्हणजे घर मोडून झाड लावणे. सड्यांचेही तसेच. कासच्या पठारावर किंवा रत्नागिरीच्या जांभ्यावर पावसाळ्यात गेंद आणि सीतेची आसवे फुलतात, ती माती जवळजवळ नसते म्हणून. सीतेची आसवे ही इवलीशी निळी फुले कीटकभक्षी वनस्पतीची. जमिनीत नत्र नाही, म्हणून ती पाण्यातले सूक्ष्म जीव पकडून भागवते. अशा जागी गाडीभर पोयटा आणून वृक्षारोपण केले, तर पुढच्या पावसाळ्यात तिथे ही फुले नसतील, तण असेल. आणि देशी झाडसुद्धा एकाच साच्याने लावले तर काय होते, ते सप्तपर्णीने दाखवले आहे. झाड सह्याद्रीतलेच, पण रस्तोरस्ती रांगेने लावल्यावर ऐन दिवाळीच्या दिवसांत त्याच्या उग्र घमघमाटाने लोक हैराण होतात आणि मग देशी वृक्षांनाच नावे ठेवतात. रानात ते इतर पन्नास झाडांत एखादे असते.

नुसते लावणे आणि नात्यात लावणे यांतला फरक पाहायचा असेल, तर उंबरापेक्षा चांगले झाड नाही. उंबराला फूल येत नाही असे लोक म्हणतात. वास्तविक फळ वाटते त्याच्या आतच शेकडो फुले असतात. फळाच्या तोंडाशी इतके अरुंद भोक असते की, आत शिरताना चिलटाएवढ्या मादी गांधीलमाशीचे पंख तुटून पडतात. दुसऱ्या झाडावरून आणलेले परागकण ती आतल्या फुलांना देते, काही फुलांत अंडी घालते आणि तिथेच मरते. काही आठवड्यांनी नवी पिढी तयार होते. बिनपंखी नर आधी बाहेर पडून माद्यांशी संग करतात, मग फळाच्या सालीतून बाहेर जायची वाट कोरतात आणि बहुतेक त्या फळापलीकडचे जग न पाहताच संपतात. माद्या पराग घेऊन त्या वाटेने उडतात. त्यांच्याकडे एखाद-दोन दिवसांचे आयुष्य असते, आणि तेवढ्यात योग्य अवस्थेतले दुसरे उंबर सापडायला हवे. म्हणून परिसरातली सगळी उंबरे एकाच वेळी फळत नाहीत. कुठले ना कुठले झाड वर्षभर लागलेले असते. आणि म्हणूनच भर उन्हाळ्यात, इतर रानात काही नसताना, हरियाल, धनेश, तांबट, वटवाघळे, खारी, माकडे यांना खायला मिळते. खाणारेच बी दूर नेऊन टाकतात. या व्यवहारात गांधीलमाशी आपल्या पिलांसाठी फुलांचा वाटा घेते आणि झाड तो देते. वाटा घेऊ दिल्याखेरीज झाडाला स्वतःचे बी मिळत नाही. एका गावातली चार उंबरे तोडली, तर पाचव्याचे नुकसान होते ते असे. त्यामुळे सोसायटीच्या आवारात एकच उंबर लावून समाधान मानण्यापेक्षा ओढ्याकाठची जुनी उंबरे वाचवणे अधिक मोलाचे, असे मला वाटते.

घेण्याबरोबर देण्याची ही रीत माणसांनाही ठाऊक होती. पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीतले वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात सह्याद्रीतल्या देवराया धुंडाळल्या, तेव्हा त्यांना भोवतालच्या उघड्या डोंगरांत जुन्या जंगलांचे तुकडे जिवंत सापडले. वाळलेली काटकीसुद्धा न उचलण्याचा दंडक अनेक ठिकाणी होता. श्रद्धेमागची समज रोकडी होती: त्या राईतून उगम पावणारा झरा गावाचा होता. अमेरिकेतल्या पोटावाटोमी समाजातल्या वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबिन वॉल किमरर यांनी २०१३ च्या आपल्या पुस्तकात एक प्रयोग सांगितला आहे. टोपल्यांसाठी कापल्या जाणाऱ्या सुगंधी गवताच्या काही ताटव्यांतून त्यांच्या विद्यार्थिनीने परंपरेप्रमाणे निम्म्यापर्यंतच गवत काढले, काही ताटवे मुळीच तोडले नाहीत. तोडलेले फोफावले, न तोडलेले रोडावले. माणसाने निसर्गापासून दूर राहिले की निसर्ग आपोआप नांदतो, या समजुतीला हा प्रयोग छेद देतो. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. गाव त्यातून बांबू विकते आणि त्याच्या तोडीचे नियम ग्रामसभा ठरवते. जंगलातून पोट भरते म्हणूनच ते राखायची गरज त्या गावाला रोज भासते.

याच्या उलट काय होते, ते गणपतीच्या पत्रीत दिसते. एकवीस पत्रींच्या यादीत आघाडा, माका, डोरली, धोतरा, रुई, शमी, बोर, अर्जुन, विष्णुक्रांता आहेत. कुंपणाकडेचे तण, ओढ्याकाठचा वृक्ष, माळावरचा वेल. ती स्वतः गोळा करायची तर वर्षातून एकदा तरी गावाची शीव फिरावी लागे आणि प्रत्येक झाड ओळखावे लागे. आज मंडईत कागदात बांधलेली जुडी मिळते. ती कोणी कुठून ओरबाडून आणली हे घेणाऱ्याला कळत नाही, आणि पुष्कळदा जुडीत भलतीच पाने असतात. पावसाळ्याच्या तोंडावर येणाऱ्या शेवळ या रानभाजीचेही असेच झाले आहे. त्याची खाज मारायला काकडाची फळे घालावी लागतात, हे ठाणे-रायगडातल्या घराघरात माहीत आहे. पण खायचा भाग फुलोऱ्याचाच, त्यामुळे शहरात मागणी वाढली की बी धरण्याआधीच सगळे उपटले जाते. यावर श्रद्धा सोडा किंवा भाजी खाऊ नका, हा उपाय नव्हे. पत्रीतली निम्मी झाडे कोणत्याही शाळेच्या कुंपणाला, देवळाच्या मागल्या अंगणाला, सोसायटीच्या भिंतीकडेला सहज येतात. जी पाने देवाला वाहायची ती आधी वाढवायची, असा नेम एखाद्या गणेश मंडळाने धरला, तर त्याचा उपयोग हजार रोपे वाटण्याच्या कार्यक्रमापेक्षा जास्त होईल. आघाडा आणि माका खाणारे किडे त्या परिसरात लगेच वस्तीला येतील.

राहतो तो व्यवहारातला आक्षेप: तिसऱ्या मजल्यावरच्या चार कुंड्यांनी काय होणार? किडे, साप, डास वाढतील त्याचे काय? डासांचे उत्तर सोपे आहे. डेंग्यूचा डास पानांत वाढत नाही. कुंडीखालच्या ताटलीत साचलेल्या पाण्यात वाढतो, ती आठवड्यातून एकदा घासून कोरडी करावी. सापांची भीती मात्र खोटी म्हणू नये. गावाकडच्या घराच्या उंबऱ्याशी पालापाचोळ्याचा ढीग ठेवू नये, तो आवाराच्या टोकाला ठेवावा. खाजकुइली देशी आहे म्हणून कोणी शाळेच्या फाटकावर चढवू नये. आणि चार कुंड्यांबद्दल बोलायचे, तर वाघ वाचवायला त्या पुरणार नाहीत, पण उडणाऱ्या जिवाला त्या सापडतात. मॉरमॉनची मादी शहरभर फिरून कढीपत्ता हुडकते. दोन बागांमधले अंतर तिला पार करता यावे, एवढे काम एक कुंडी करू शकते. अटी दोनच: औषध फवारायचे नाही आणि एका झाडाऐवजी दोन ठेवायची, एक आमटीसाठी, एक अळीसाठी. बहुतेक अळ्या गांधीलमाश्या आणि पक्षी उचलतात. खाल्लेले झाड महिन्याभरात पुन्हा पालवते. आंब्यावरचे बांडगूळ दिसले की कोयता चालवायची आपल्याला सवय आहे; झाड जेरीला आले असेल तर तो चालवावाच. पण एखाद्या फांदीवर ते राहू दिले, तर हळदीकुंकू नावाचे पिवळे-तांबडे फुलपाखरू त्यावरच अंडी घालते आणि फुलटोचा त्याची चिकट फळे खायला येतो.

सर्वांत मोठी अडचण रोपांची आहे, आणि तिथे मात्र माझी सबब नाही, तक्रार आहे. बहुतेक रोपवाटिकांत टॅबेबुया आणि फॉक्सटेल पाम लगेच मिळतात; मेडशिंगी, वारस, कुंभा, पांगारा, भारंगी मागितली की दुकानदार चेहऱ्याकडे पाहतो. मागणी नाही म्हणून रोप नाही, रोप नाही म्हणून मागणी नाही. हे चक्र ग्राहकाने मोडायचे, तर त्याला बिया गोळा कराव्या लागतील, आणि त्याही बाजारासाठी सगळ्या न ओरबाडता. पावसाळा सरल्यावर टेरड्याच्या शेंगा नुकत्या फुटून गेलेल्या असतात. कुर्डूचे तुरे आणि आघाड्याची कणसे मात्र वाळत आलेली असतात. बहाव्याच्या शेंगा हिवाळ्याअखेर काळ्या पडतात. त्यातले बी टणक असल्याने टोक घासून, रात्रभर पाण्यात ठेवून पेरावे. पळसाचे आणि जांभळाचे बी साठवून ठेवायच्या भानगडीत पडू नये. पळस उन्हाळ्यात आणि जांभूळ जूनमध्ये पडेल तसे मातीत जायला हवे; शिळ्या जांभळाच्या बीत तर जीवच उरत नाही. भारंगी फांदीवरूनही येते. सापसंदाचे फळ वाळले की उलट्या छत्रीसारखे उघडून लोंबते, त्यात चपट्या बिया असतात. वेलीवरची चार-दोन फळे घ्यावीत आणि बाकीची वाऱ्यावर सोडावीत.